तीन रेघांची खूण

दुबेजींचा व्हिडिओ आला तेव्हा मी ब्रह्मपुरीच्या बाजारात काट्याजवळ उभी होते. व्हिडिओत एक हात होता आणि एक टरबूज. हातानं सालीवर अंगठा ठेवला, जरा दाबला, आणि अंगठा पार सांध्यापर्यंत आत गेला. बाजूनं पाणी गळलं. मागून आवाज आला, "बाईजी, ये आपका माल है. सोमवार का. आज शुक्रवार है."

मी तिथूनच फोन लावला.

"तुमच्या गोदामातले पंखे बंद होते काय?"

"बाकी सब का माल उसी गोदाम में है, बाईजी. ठीक है."

"मग माझं खाली दाबून ठेवलं असेल."

"नदी का माल है. चलता नहीं. मैंने पहले भी बोला था."

हे वाक्य त्यांनी खरंच आधीही म्हटलं होतं. दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गाडी घेऊन गेले तेव्हा. दुबेजी नागपुरातल्या एका मोठ्या फळ कंपनीचे क्वालिटी इनचार्ज. कुठलं फळ दुकानात जाईल आणि कुठलं परत, हे ते ठरवतात. त्या दिवशी शेतातल्या मालाच्या गाड्या शेडखाली घेतल्या आणि माझी गाडी गेटजवळ उन्हात उभी ठेवली. "नदी का माल है, बाद में देखेंगे," असं सगळ्यांसमोर सांगितलं. मी दुपारभर त्या उन्हात उभी राहिले. माल शेवटी घेतला, पण ते ऊन माझ्या डोक्यातून उतरलेलं नाही.

नदीचा माल म्हणजे काय ते सांगते. दिवाळीनंतर वैनगंगा आटते आणि पात्रात रेतीची बेटं उघडी पडतात. आमच्या गावची ढिवर घरं पावसाळ्यात तलावात आणि नदीत मासे धरतात, आणि उन्हाळ्यात या रेतीत टरबूज लावतात. रेतीत खड्डा, खड्ड्यात शेणखत, त्यात वेल. याला आम्ही डांगरवाडी म्हणतो. माझा जन्म अशाच एका घरातला. माझी माय बसस्टँडवर टोपलीत मासे विकायची. मी त्याच जागी टोपलीत टरबूज विकायला बसले. आज माझ्याकडे व्यापाऱ्याचं लायसन्स आहे. भाव करताना माझा आवाज चढतो, हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. मला कोणी काही हातात आणून दिलं नाही, म्हणून चढतो.

गावच्या अकरा घरांचा माल मी उचलते. लहान फळं माजरीला जातात, कोळसा खाणीच्या वस्तीतल्या बाजारात. मोठी फळं नागपूरला. मोठ्या फळावरच वाडीवाल्याचा उन्हाळा निघतो. माजरीचा बाजार खातो खातो म्हटलं तरी किती खाईल. नागपूर बंद झालं तर मोठी फळं रेतीवरच फोडून गुरांना घालावी लागतील.

आणि नागपूर बंद होण्याच्या बेतात होतं. शुक्रवारचं ते सलग दुसरं मोठं रिजेक्शन होतं. रिजेक्शन म्हणजे गाडीतला जो माल दुकानात ठेवता येत नाही तो. थोडं रिजेक्शन सगळ्यांचंच असतं. माझं जवळजवळ अर्धी गाडी होतं.

दुबेजी म्हणाले, "दो गाडी और देखूँगा. हर गाडी का सँपल पाँच दिन रखूँगा. फिर सडा, तो सीजन भर खेत का ही माल लेंगे."

मी फोन ठेवला आणि भांडायला माणूस शोधू लागले.

पहिला सापडला शंकर. माझा जुना ड्रायव्हर.

"तू ताडपत्री आवळून बांधतो, म्हणून माल उकडतो," मी म्हणाले.

"बाई, नाई आवळली तर धूळ जाते. मंग धुळीसाठी बोलसान."

"मले शिकवतो काय?"

"नाई शिकवत. गाडीची चाबी इथी ठेवून राह्यलो," असं म्हणून त्यानं चाबी काट्यावर ठेवली आणि गेला. सात वर्षं सोबत असलेला ड्रायव्हर एका वाक्यात गेला.

दुसरी भांडणं वाडीवर. गाडीत फळांखाली तणस अंथरतात, तणस म्हणजे धानाचा पेंढा. ती कोणाची ओली होती, कोणाची मागच्या वर्षीची, काळी पडलेली. मी ती सगळी फेकायला लावली आणि कोरडी नवी तणस आणली. काही बाया फळ चमकावं म्हणून नदीत बुचकळून डोंग्यात, म्हणजे लहान नावेत, टाकायच्या. तेही बंद केलं. तोड दुपारी व्हायची, ती सकाळी दव सुकल्यावर करायला लावली. तोडलेलं फळ मांडवाच्या सावलीत ठेवायला लावलं, कारण उन्हातलं फळ आतून तापलेलं असतं आणि तसंच गाडीत भरलं की ती गरमी आतच कोंडते.

हे सगळं बरोबरच होतं. तिसरी गाडी या सगळ्या काळजीनं भरली. नवा ड्रायव्हर, ढिली ताडपत्री, कोरडी तणस.

पाचव्या दिवशी दुबेजींचा फोन आला. "थोडा कम है, बाईजी. पर सडा है."

मला एक गोष्ट समजत नव्हती. माजरीहून तक्रार एकही नव्हती. वाडी तीच, रेती तीच, पाणी तेच. त्यावरून मी पक्कं ठरवलं की खोट नागपूरच्या गोदामात आहे. दुबेजींना नदीचा माल नको आहे, म्हणून ते काहीतरी करत आहेत. हे मी चार माणसांत बोलूनही दाखवलं. आज ते आठवलं की तोंड आंबट होतं.

एका कृषी महाविद्यालयात शिकवणाऱ्या मॅडम माझ्याकडून फळं घेतात. वनस्पतींचे रोग हा त्यांचा विषय. त्या आल्या तेव्हा मी त्यांच्याजवळ गोदामाचं गाऱ्हाणं मांडलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सड सुरू कुठून होते?"

"म्हणजे?"

"देठापासून? जमिनीला टेकतं त्या बाजूनं? की मधूनच कुठून तरी?"

मला सांगता आलं नाही. चाळीस वर्षं टरबूज हाताळते आहे. सडलेलं टरबूज दिसलं की फेकायचं, हे माहीत होतं. ते पहिल्या दिवशी कसं दिसतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

"माजरीचा माल किती दिवसांत खपतो?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी. बाजारातच कापून खातात."

"मग तिथे सडायला वेळच मिळत नाही. बुरशी आत शिरली तरी दिसायला तीन-चार दिवस लागतात. टरबुजाची साल म्हणजे बंद दार असतं. दार कुठे उघडं राहतं, ते बघा."

मी प्रत्येक वाडीतलं एकेक फळ मागून आणलं. अकरा फळं. घरी खाटेखाली ओळीनं मांडली आणि रोज सकाळी एकेक उलटून पाहू लागले. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. नवरा म्हणाला, "देवघरासमोर वाकत नाही एवढी टरबुजासमोर वाकून राह्यली." मी लक्ष दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी एका फळावर ओला, तेलकट डाग दिसला. सालीचा रंग तिथे भिजल्यासारखा झाला होता. चौथ्या दिवशी सहा फळांवर. डाग गोल नव्हते. एकावर डागाची फुली होती. एकावर कोयंडा. एकावर तीन उभ्या रेघा, शेजारी शेजारी, रेघेरेघेनं सडलेल्या.

तीन रेघा म्हणजे माझं माहेर.

सगळ्या घरांच्या वाड्या रेतीच्या एकाच बेटावर असतात. फळं काठावर आणायला डोंगा एक. काठावर ढीग एक. मग कोणतं फळ कोणाचं? म्हणून प्रत्येक घराची खूण असते. फुली, कोयंडा, चांदणी, तीन रेघा. ती सालीवर ओरखडून काढतात. मी सहा वर्षांची असताना बानं माझ्या हातात बाभळीचा काटा देऊन तीन रेघा काढायला शिकवलं. ही खूण मला इतकी सवयीची होती, की मला ती जखम आहे असं कधी दिसलंच नाही. माझं नाव लिहिलेलं दिसायचं, एवढंच.

मी मॅडमना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला. "हेच दार. पण एक विचारू? ही खूण तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. मग सड आत्ताच का?"

त्याचं उत्तर मला वाडीवर मिळालं, आणि ते मिळालं नसतं तर बरं झालं असतं.

मांडवाखाली माझा मोठा भाऊ माणिक बसला होता. सोनाबाई बाजूला जाळं दुरुस्त करत होती. सोनाबाई गावातली सगळ्यात म्हातारी बाई, नात्यानं कोणाचीच नाही आणि सगळ्यांची काकू. बाकीची मंडळी तोड करून टेकली होती. मी गाडीतून तीन रेघांचं फळ आणलं आणि माणिकभाऊसमोर ठेवलं.

"पाहा. आपल्याच खुणेतून सडून राह्यलं. आजपासून खूण बंद."

मग माणिकभाऊ म्हणाला, "उद्या म्हनशीन, नाव टाका."

"नावाचा काय संबंध?"

"खूण नाई तर ढिगातलं माहं फळ कोन्तं? बाच्या वेळी डोंगा उलटला, फळं मिसळली, दोन घरं किती वर्स बोलली नाई, आठवते ना तुले? तू आता व्यापारीन झाली. तुले सगळी फळं सारखीच."

"मी झाली म्हणून तुमची फळं नागपूर पाहतात," माझा आवाज चढला. "नाहीतर बसले असते बसस्टँडवर टोपली घेऊन."

हे मी बोलायला नको होतं. तिथल्या निम्म्या बाया अजूनही बसस्टँडवर टोपली घेऊन बसतात.

माणिकभाऊ चिडला नाही. त्यानं फळ उचललं, रेघांवरून बोट फिरवलं, आणि हळूच म्हणाला, "बा खूण कवा करे?"

"कवा म्हणजे?"

"फळ लिंबाएवढं असतानी. वेलीवर. काट्यानं. मंग ते फळ वाढे, रेघा भरून येत, दोरीसारख्या टणक होत. तोडतपर्यंत जखम कुठी राहे? खाली खपली, वर साल. मंग दोन वर्सांआधी तू आली. सांगतलं का भरलेल्या रेघा नागपूरवाल्याले चालत नाई. फळ दागी दिसते म्हने. आता खूण वेलीवर करू नका, तोडतानीच करा, बारीक करा. विळ्याच्या टोकानं करा. तूच सांगतलं नं वो."

मी सांगितलं होतं. शब्दन्‌शब्द. त्या उन्हातून परत आल्यावर पहिलं काम मी तेच केलं होतं. दुबेजींनी भरलेल्या रेघा पाहून "दाग है" म्हटलं होतं, आणि मी वाडीवर जाऊन सगळ्यांना दटावलं होतं. ताजी जखम, वर रेती, आणि तोच विळा सडक्या फळावरून चांगल्या फळावर. मागची दोन वर्षं माल गोदामात राहिला नाही, आल्या दिवशी दुकानात गेला, म्हणून कळलं नाही. या वर्षी कंपनीनं माल पाच-पाच दिवस ठेवायला सुरुवात केली, आणि कळलं. शंकर, तणस, गोदाम, दुबेजी, सगळ्यांशी भांडून झालं होतं. खोट माझ्या तोंडातून निघाली होती.

मी रेतीवर बसले. "हो, मीच सांगतलं," मी म्हणाले. मला ओळखणाऱ्यांनी हे फार वेळा पाहिलेलं नाही.

सोनाबाईनं जाळ्यातून मान वर केली नाही. म्हणाली, "विमल, तलावात दहा जनाईची जाळी असते. आपलं कोन्तं, कसं ओळखते तू?"

"दोरीच्या गाठी पाहून."

"तुह्या बाच्या जाळ्याले किती गाठी?"

"तीन."

"जाळं कोरते का कोनी?" ती म्हणाली आणि तिनं दातानं सुतळी तोडली. "इथी आन ते फळ."

फळ पाहून ती वैतागली. "याले देठच नाई. गाठ काय माह्या नाकाले बांधू?"

देठ नव्हताच. आम्ही टरबूज पिरगाळून तोडतो, देठ बुडापासून निघतो आणि तिथेही एक भोक राहतं. मॅडमनी फोनवर तेही सांगितलं होतं: देठ दोन-तीन बोटं ठेवून कापा. मी वाडीवर निरोप दिला होता आणि कोणी ऐकला नव्हता, कारण देठ राहिला की शेजारच्या फळाला टोचतो. आता देठ ठेवायला कारण मिळालं. देठ नाही तर गाठ नाही, आणि गाठ नाही तर फळ कोणाचं ते ठरणार नाही.

माणिकभाऊनं लगेच अडचण काढली. "देठ मोडला तं?"

"मोडलं त्याचं फळ विमलचं," सोनाबाई म्हणाली. "तिनं खूप शहानपना केला. घेऊ दे तिले मोडकी."

मांडवाखाली सगळे हसले. मी भाव करणारी बाई आहे, पण त्या सौद्याला मी हो म्हटलं.

चौथी गाडी भरायला दोन दिवस लागले. विळा एकानंच धरायचा, आणि बाजूला मिठाच्या उकळलेल्या पाण्याचा डबा. मॅडम म्हणाल्या होत्या की औषधही मिळतं, पण खायच्या फळाजवळ औषध कोण कसं वापरेल याचा मला भरवसा नव्हता. विळा पुसून उकळत्या पाण्यात बुडवायचा, एवढंच ठेवलं. माणिकभाऊ कापायचा, बाया जाळ्याच्या धाग्यानं गाठी मारायच्या. फुलीवाल्यांची एक मोठी गाठ, कोयंड्यावाल्यांचा फास, चांदणीवाल्यांच्या पाच गाठी. पाच गाठी मारता मारता चांदणीवाली सून कंटाळली आणि म्हणाली, "आमच्या सासऱ्यानं चांदनी काऊन निवडली असन." खरचटलेलं एकही फळ नागपूरच्या ढिगात नाही. ती माजरीला, लगेच खाण्यासाठी. फळं एका अंगावर, सगळे देठ एका दिशेला, मध्ये तणस.

गाडी मात्र शंकरचीच हवी होती. नवा ड्रायव्हर खड्डा दिसला की वेग वाढवायचा. माफी मागायची मला सवय नाही. मी शंकरला फोन केला आणि ओरडले, "गाडी भरून उभी आहे आन तू घरी बसून काय करून राह्यला?" तो म्हणाला, "ताडपत्री मी बांधीन, बाई. माह्या हिशोबानं." मी म्हणाले, बांध.

नागपूरला मी स्वतः गेले. दुबेजींनी पहिलंच फळ उचललं आणि देठाला हात लावला.

"ये धागा क्या है?"

"ज्यानं पिकवलं त्याचं नाव."

"काट दो, बाईजी. गंदा दिखता है."

दोन वर्षांपूर्वी मी इथेच मान हलवली होती. या वेळी मी म्हणाले, "दुबेजी, मागच्या वेळी तुम्ही दाग नको म्हणालात. मी दाग बंद केला आणि तुम्हाला सड मिळाली. धागा ठेवा. पाच दिवसांनी फोन करा. सडलं तर मी स्वतः सांगेन, नदीचा माल घेऊ नका."

वाईट माणूस नाही तो. त्यालाही वर कोणी विचारणारा आहे. त्यानं सँपलचे क्रेट बाजूला काढले, आणि या वेळी ते शेडखाली ठेवले. मी पाहिलं.

ते पाच दिवस मी कोणाशी भांडले नाही. नवऱ्यानं दोनदा विचारलं, ताप आहे का.

पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. "बाईजी, दो निकला. पूरी सँपल में दो. दोनों का डंठल टूटा हुआ था." मग, "अगली गाडी कब?"

मी उत्तर द्यायला मुद्दाम उशीर केला. मग सोमवार सांगितला.

त्या हंगामात नदीचं पाणी वाढेपर्यंत गाड्या गेल्या. रिजेक्शन शेतातल्या मालाइतकंच राहिलं, कधी त्याहून कमी. मोडक्या देठाची फळं ठरल्याप्रमाणे माझ्या माथी आली. ती मी माजरीला विकली. सोनाबाईनं दर वेळी विचारलं, "किती मोडली?" आणि आकडा ऐकून समाधानानं मान हलवली.

धंद्यातली एक गोष्ट मी यातून धरली. माल सडला की माणूस आधी शोधायचा नाही. आधी फळ उलटायचं, सड कुठून सुरू झाली ते पाहायचं, आणि तिथून मागे जात राहायचं. वाटेत स्वतःचं घर लागलं तरी थांबायचं नाही. मी अजूनही भांडते. पण आता जरा उशिरा भांडते.

हंगामाच्या शेवटी माणिकभाऊ एक टरबूज घेऊन घरी आला. त्यानं ते लिंबाएवढं असतानाच वेलीवर काट्यानं ओरखडलं होतं, बा करायचा तसं. तीन रेघा भरून, फुगून, दोरीसारख्या टणक झाल्या होत्या. "हे विकाचं नाई," एवढंच म्हणाला. मी ते खाटेखाली ठेवलं आणि रोज उलटून पाहत राहिले. दोन आठवडे गेले तरी साल कोरडी होती, रेघा कोरड्या होत्या. मग आम्ही ते कापलं. आत लाल होतं, गोड होतं.

कापण्याआधी मी त्याचा फोटो दुबेजींना पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं, "दाग है."

खाऊन झाल्यावर मी तीन रेघांच्या रिकाम्या सालीचा फोटो पाठवला.